फांदीला टांगलेलं घर

माझ्या सासऱ्यांना न्यायाचं वेड होतं. कोणाला दारूचं असतं, कोणाला पत्त्यांचं, आमच्या मामाजींना न्यायाचं. लग्न होऊन मी सिंदेवाहीकडून या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या हातची भाजी खारट झाली. दुसऱ्या घरात सासरा ओरडला असता, नाहीतर मुकाट जेवला असता. मामाजींनी सुनावणी घेतली. मीठ मी टाकलं होतं, मी पाण्याला गेल्यावर नवऱ्यानेही टाकलं होतं. दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि निकाल दिला की दोघांचाही दोष नाही. नवी सून घरात आलेली असताना चुलीकडे कोणी काय करायचं हे ठरवून न देणारा दोषी, म्हणजे ते स्वतः. त्या दिवशी ते कोरड्या भातावर जेवले. मी मनात म्हटलं, न्याय नको पण मामाजी आवरा.

ते मातामायचे, म्हणजे गावदेवीचे, पुजारी होते. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मोहाचं जुनं झाड, त्याच्या बुडाशी मातीचा ओटा, ओट्यावर शेंदूर फासलेले दगड. एवढंच देऊळ. गाव चामोर्शीच्या पलीकडे, जंगलाच्या तोंडाशी. आमच्या वस्तीतले लोक तलावात आणि नदीत मासे मारत, थोडं धान लावत, उरलेले दिवस मजुरीला जात. नव्वदीची ती वर्षं. पोलीस येत ते दिवसा आणि घोळक्याने, आणि ऊन कलायच्या आत परत जात. जंगलातले बंदूकवाले, ज्यांना सगळे नुसतं दादा म्हणत, ते येत दिवेलागणीला. इकडे आड तिकडे विहीर, आणि आम्ही मधल्या काठावर चूल मांडून बसलेलो.

त्या मधल्या जागेत मामाजींची बैठक होती. गावात काही भांडण झालं की मोहाखाली ती बसायची. बसण्याआधी मामाजी खांद्यावरचा दुपट्टा काढून मोहाच्या खालच्या फांदीला टांगायचे आणि म्हणायचे, "घर इथी टांगलं." दुपट्टा फांदीवर असेपर्यंत ते कोणाचे बाप नव्हते, कोणाचे सासरे नव्हते. ज्या ज्या घराची तक्रार असेल त्या घराने मूठभर तांदूळ घेऊन यायचं. आपलं म्हणणं मांडायचं, समोरच्याचं ऐकायचं, निकाल पटला की मूठ ओट्यावरच्या टोपलीत सोडायची. सगळ्या मुठी पडल्या की तोच तांदूळ तिथेच शिजवायचा आणि तक्रारवाले आणि दोषी, दोघांनी एका पंगतीत जेवायचं. जेवलं की ती गोष्ट संपली. मग ती ना ठाण्यात काढायची, ना तहसिलीत, ना जंगलात. एका घराची जरी मूठ राहिली तरी बैठक अर्धी.

माझ्या नवऱ्याने एकदा शेजाऱ्याच्या जाळ्यातले मासे काढून आणले होते. मामाजींनी त्याला उन्हाळाभर शेजाऱ्याची जाळी विणून द्यायला लावली. निकाल देताना त्याला "भाऊ" म्हणाले, पोटच्या पोराला! पंगत उठली, दुपट्टा खांद्यावर आला आणि घरी येईपर्यंत ते पुन्हा बाप झाले. रात्री पोराच्या बोटांना जाळ्याचा दोरा कापेल म्हणून वाटीत तेल काढून ठेवलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मला सातवा महिना होता. नवरा मिरच्या तोडायला आंध्रात गेलेला. घरात सरपण नव्हतं म्हणून मी वाळकी लाकडं आणायला गेले. येताना नाक्यावर नाकेदाराने अडवलं. जंगलखात्याचा हा माणूस बाहेरचा होता, सायकलवर फिरायचा, आणि गावातल्या प्रत्येक घरातून त्याने काही ना काही नेलेलं होतं. माझी कुऱ्हाड त्याने काढून घेतली. म्हणाला, साहेब येणार आहेत, ते येईपर्यंत मोळी डोक्यावर घेऊन उभी राहा. साहेब आलेच नाहीत. ऊन चढलं, माझे पाय थरथरायला लागले, मग काय झालं ते मला आठवत नाही. बायांनी खाटेवर घालून घरी आणलं. मुलगा होता. मेलेलाच आला.

मामाजींनी त्याला तलावापलीकडे पुरलं, हातपाय धुतले आणि माझ्यासाठी पेज केली. डोळ्यांतून टिपूस नाही. बाया छाती पिटत होत्या आणि हा माणूस पेजेत मीठ बरोबर पडलंय का बघत होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, बैठक कधी बसवता? ते म्हणाले, "तो इथी आल्याबिगर कशी बसवू बेटी? दुसऱ्याचं ऐकल्याबिगर निकाल देता येत नाई." मला वाटलं चुलीतलं जळतं लाकूड उचलून त्या ओट्यावर घालावं. त्या वर्षी माझा जितका राग नाकेदारावर होता तितकाच मामाजींवर होता.

नाकेदार वर्षभराने आला. मोहफुलं वेचायचे दिवस होते. घरोघरी अंगणात फुलं वाळत घातलेली, सगळ्या गावाला तो गोड आंबूस वास. नवरा पुन्हा मिरच्यांना गेलेला. दुपारी नाकेदार सायकलवरून आला आणि एका म्हातारीच्या अंगणातली फुलं पोत्यात भरायला लागला. त्याला ठाऊक नव्हतं की सकाळीच जंगलातून निरोप आला होता. लाकडं आणायला गेलेल्या माणसाबरोबर दादा लोकांनी सांगून पाठवलं होतं, नाकेदार दिसला की धरून ठेवा, दिवस बुडता बुडता आम्ही येतो. त्याचा अर्थ काय ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. नदीपलीकडच्या गावात असाच एक माणूस धरून ठेवला होता आणि सकाळी तो रस्त्यावर सापडला होता.

गावाने त्याला धरलं. इतकी वर्षं मान खाली घालून कोंबड्या देणारी माणसं, पण त्या दिवशी अंगात वारं आल्यासारखी धावली. कोणी त्याची सायकल पाळीवरून खाली ढकलली, कोणी दोरखंड आणला. आणि मी, खोटं कशाला सांगू, अंगणात उभी राहून बघत होते आणि मला बरं वाटत होतं.

तो हिसडा मारून पळाला. पळून जाणार कुठे? एका बाजूला तलाव, एका बाजूला जंगल. तो मोहाच्या झाडाशी आला आणि त्याने दोन्ही हातांनी मातामायचा ओटा धरला. त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं, पडता पडता हाताला लागलं ते धरलं एवढंच. पण मामाजी तिथेच बसलेले होते. ते उठले, लोकांच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहिले आणि खांद्यावरचा दुपट्टा काढला.

"काऊन वाचवता त्याले?" एक जण ओरडला. "दादालोक येऊन राह्यले. ते करतीन काय करायचं ते."

"करतीन," मामाजी म्हणाले. "पण यानं ओटा धरला. आता याचं ऐका लागते." आणि त्यांनी दुपट्टा फांदीला टांगला. "घर इथी टांगलं. ज्याची ज्याची तक्रार असन, त्यानं मूठ घेऊन या."

मामाजी भोळे नव्हते. बैठक अर्धी असताना दादा लोक आले, तर ते विचारणार, याच्यावर तक्रार आहे का? आहे म्हटलं की घेऊन जाणार. दिवस बुडायच्या आत सगळ्या मुठी पडल्या आणि पंगत झाली, तर मात्र गावाला सांगता येणार होतं की आमची याच्यावर तक्रार उरली नाही. ते लोक ऐकतील की नाही कोणाला ठाऊक. पण दुसरा रस्ता नव्हता. ठाणं लांब, आणि ठाण्याकडे जो धावत गेला असता तो पुन्हा गावात नांदू शकला नसता.

बैठक बसली. एकेक घर उठलं. कोणाच्या कोंबड्या, कोणाची बैलगाडी अडवून ठेवलेली, कोणाची नवी कुऱ्हाड. नाकेदार आधी म्हणाला, मला वरून हुकूम होता. मामाजी म्हणाले, "वरचा इथी आणता येत नाई साहेब. तुम्ही आहा, तुम्ही बोला." मग तो एकेक कबूल करत गेला. त्याचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता आणि तो दर थोड्या वेळाने जंगलाकडे बघत होता. निकाल साधेच होते: वस्तू परत करायची, नाक्यावरच्या कुऱ्हाडी आणून द्यायच्या, माफी मागायची. लोक कुरकुरत होते, पण मुठी पडत होत्या. खरं सांगायचं तर जंगलाकडे सगळेच बघत होते. रागाच्या भरात धरायला धावणं वेगळं आणि आपल्या गावातून माणूस मरायला गेला हे जन्मभर ऐकणं वेगळं.

शेवटी मी राहिले.

"बाई," मामाजी मला म्हणाले, "तुमची तक्रार?"

बाई! घरात ज्या सुनेला ते बेटी म्हणायचे तिला. मी उठले. मुठीत तांदूळ होता, आणलेला होता, पण मूठ मी आवळून धरली होती. मी म्हटलं, "माझी तक्रार सगळ्यांना ठाऊक आहे. माझा तांदूळ पडणार नाही. मी याच्या पंगतीला बसणार नाही."

मोहाची सावली ओटा सोडून पाळीवर चढायला लागली होती. शेजारची म्हातारी माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "पोरी, तुह्यं गेलं ते वापस येते का? याचेबी लेकरं असतीन." मी तिला म्हटलं, "माझं नव्हतं का?" ती मागे सरली. लोक आता मामाजींकडे बघत होते. सून त्यांची, घर त्यांचं. एक शब्द टाकला असता तर झालं असतं असं सगळ्यांना वाटत होतं.

त्यांनी टाकला नाही. मीच शेवटी विचारलं, "मी नाही दिला तर?"

"तं नाई देल्ला," ते म्हणाले. "मूठ तुमची आहे बाई."

"मग ते याला नेतील."

"नेतीन."

त्यांचा आवाज कोरडा ठणठणीत होता. मला वाटलं, या माणसाच्या छातीत मातामायचा दगड आहे. कोण जगतं कोण मरतं याच्याशी याला देणंघेणं नाही, फक्त कायदा पाळला गेला पाहिजे. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, रागाच्या. मी नाकेदाराकडे वळले आणि म्हटलं, "तू बोल. तू माझ्याशी काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग."

तो ओट्याकडे बघत म्हणाला, "यांना मी मोळी घेऊन उभं केलं. साहेब येणार नव्हते. मला ते माहीत होतं." त्याने तोंड पुसलं. "यांनी पाणी मागितलं होतं. माझ्याजवळ बाटली भरलेली होती. मी दिलं नाही."

पाण्याचं मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मामाजींना नाही. पाणी मागितलं याचीच मला लाज वाटत होती, त्याच्याकडे हात पसरला याची. त्याने ते झाकलं असतं तर कोणाला कळलं नसतं. जीव वाचवायला माणूस स्वतःचा गुन्हा लहान करून सांगतो; याने आपला मोठा करून सांगितला होता. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. पण मग माझ्या मुठीत धरून ठेवण्यासारखं काही राहिलं नाही. मी टोपलीजवळ गेले आणि हात उघडला.

मग जी घाई उडाली! बायांनी तीन दगडांवर गंज, म्हणजे भाताचं मोठं पातेलं, चढवला. कोणी घरात शिजलेली लाखोरीची डाळ तशीच उचलून आणली. पळसाची पानं पसरली. भात धड शिजलाही नव्हता तेव्हा वाढायला घेतला, कारण सूर्य जंगलाच्या शेंड्यांना टेकला होता. नाकेदार पंगतीत मध्ये बसला. पहिला घास त्याने घ्यायचा. त्याने तो जंगलाकडे बघतच उचलला आणि भात पानावरच सांडला. मी त्याच्या समोरच बसले आणि जेवले. कच्चा भात होता, दाताखाली कचकच करत होता.

आम्ही जेवत असतानाच ते आले. पाळीवरून पाच-सहा जण उतरले, खांद्याला बंदुका. त्यांच्यातला पुढचा याच मुलखातला असावा, बोली आमचीच होती. त्याने पंगत पाहिली, टोपली पाहिली, फांदीवरचा दुपट्टा पाहिला. त्याला सांगायची गरज पडली नाही.

"कोणाची तक्रार आहे याच्यावर?" त्याने विचारलं.

सगळे मान खाली घालून जेवत राहिले. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बाई, तुमचं लेकरू गेलं म्हणते."

माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला. "गेलं," मी म्हटलं. "जेवलो आम्ही."

त्याने मान हलवली. मला वाटलं सुटलो. मग तो मामाजींकडे वळला. ते ओट्याशी उभे होते, रिकाम्या हातांनी.

"पुजाऱ्याचं पान नाई दिसून राह्यलं."

"पुजारी नाई जेवत बैठकीत," मामाजी म्हणाले. "पहिल्यापासून तसंच आहे."

"पुजारी नाई जेवत. मले ठाऊक आहे." त्याने बंदुकीच्या नळीनेच फांदीकडे दाखवलं. "पण लेकराचा आजा? त्याची तक्रार त्या फांदीले टांगून आहे. ते घर जेवलं नाई. ते जेवलं तं आम्ही जातो. नाई तं याले देऊन टाका."

मामाजी हलले नाहीत. त्यांच्याकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हे नाही म्हणतील. इतका वेळ कोरडा ठणठणीत असलेला तो चेहरा बघता बघता उतरला. मला त्यांनी म्हटलं होतं, मूठ तुमची आहे बाई. आता मूठ त्यांची होती आणि त्यांना शब्द टाकणारं वर कोणी नव्हतं. नाकेदार रडायला लागला होता, आवाज न करता.

मामाजींनी हात वर केला आणि दुपट्टा काढला. खांद्यावर घेतला, नीट केला, आणि पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसले. "बेटी," म्हणाले, "वाढ."

गंजात बुडाशी करपलेला भात उरला होता. मी तो खरवडून त्यांच्या पानावर वाढला. त्यांनी घास उचलला आणि धरून बसले. कितीतरी वेळ धरून बसले. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. मग त्यांनी तो तोंडात घातला, दुसरा घातला, तिसरा. पाणी न पिता, मान वर न करता, एकेक शीत टिपून पान साफ केलं. नाकेदार समोर होता. त्याच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"झालं," पुढचा म्हणाला. नाकेदाराला एवढंच म्हणाला, "ह्या जंगलात पुन्हा दिसू नको." आणि ते आले तसे पाळीवरून निघून गेले. गावातले चार जण नाकेदाराला लगेच मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवून आले. तो मला काही बोलला नाही आणि मलाही त्याच्याकडून काही ऐकायचं नव्हतं. पुढे त्याची बदली झाली असं कळलं. कुऱ्हाडी कोणीतरी पोत्यात घालून नाक्यावरून आणून टाकल्या, त्यात माझीही होती.

मी गंज घासला, पानं गोळा केली. मामाजी पुढे निघाले होते. पाळीवर चढल्यावर दिसलं की ते तलावाच्या काठाशी ओणवे झाले आहेत. मी धावले. त्यांच्या पोटातून सगळं बाहेर येत होतं, तो करपलेला भात, एकेक घास. मी त्यांची पाठ धरली. आणि तेव्हा तो माणूस रडला. वर्षभर ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं तो तोंडावर दुपट्टा दाबून गुराढोरांसारखा हंबरला. पलीकडच्या काठावर, जिथे त्यांनी त्याला पुरलं होतं, तिकडे बघत. माझा नातू, माझा नातू, एवढेच शब्द कळत होते. माझाही बांध फुटला. आम्ही दोघं तिथेच चिखलात बसलो.

रडणं थांबल्यावर त्यांनी तोंड धुतलं. पाण्यावर तरंगणाऱ्या शितांकडे ते बघत राहिले. मग माझ्याकडे वळून अगदी भेदरलेल्या आवाजात विचारलं, "बेटी, मले सांग. पोटात राह्यलं नाई. बैठक मोडली का?"

त्या मुलखात ज्याच्या शब्दावर बैठक बसायची आणि उठायची, तो माणूस मला निकाल विचारत होता. मी पाण्याकडे पाहिलं. अंधार व्हायला आला होता. आता मोडली म्हणायचं माझ्या हातात होतं, आणि मोडली म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं, एवढं मी त्यांना ओळखत होते.

"नाई मोडली मामाजी," मी म्हटलं. "तुम्ही गिळलं होतं. मी पाह्यलं."

त्यांनी मान डोलावली. मग दुपट्टा पाण्यात बुडवून पिळला, झटकला आणि चिखलात पडलेला गंज उचलून घराकडे चालायला लागले.